सरत्या पावसाळ्यातील फुलोरा आणि मधमाश्यांचे अन्न

आपल्या निवासी विद्यालयात येणारी बहुसंख्य मुले शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांतील आहेत. कोणी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून येते, कोणी मराठवाड्याच्या कोरडवाहू रानातून, तर कोणी विदर्भाच्या कापूसपट्ट्यातून. माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी नोकरीनिमित्त शहर गाठले असले, तरी गावाकडची दोन-चार एकर जमीन, तिचा बांध आणि बांधावरची बोर त्यांच्या मनातून सुटलेली नाही. म्हणूनच या स्मरणिकेसाठी आम्ही असा एक विषय निवडला आहे, जो आम्ही विज्ञानाच्या तासाला मुलांना शिकवतो, परंतु ज्याचा खरा उपयोग त्यांच्या घरच्या बांधावर व्हावयाचा आहे. हा विषय म्हणजे पावसाळा सरताना फुलणाऱ्या वनस्पती आणि त्यांच्यावर जगणाऱ्या मधमाश्या.

फुलांचा ऋतू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वसंत येतो. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि सावर फुलतात. त्यामागोमाग करंज, जांभूळ, हिरडा यांचा बहर येतो आणि मधाचा मोठा हंगाम सुरू होतो. हे खरेच आहे. परंतु वसंतातला मध गोळा करण्यासाठी पोळ्यात पुरेशा माश्या असाव्या लागतात. त्या असतील की नसतील, याचा निकाल भाद्रपद ते मार्गशीर्ष या चार महिन्यांतच लागलेला असतो. या चार महिन्यांतील फुलोरा बहुतांशी आपण तण किंवा कचरा म्हणून कापून टाकतो. ही कापणी आपल्याला किती महाग पडते, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

मधमाश्यांचा वर्षावास

महाराष्ट्रात मधमाश्यांच्या प्रामुख्याने चार देशी जाती आढळतात. उंच झाडांवर, कड्यांवर, पाण्याच्या टाक्यांवर एकच मोठे उघडे पोळे लटकवणारी ती आग्या माशी. झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या भिंतीच्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधणारी आणि पेटीत पाळता येणारी ती सातेरी. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे बांधणारी ती फुलोरी, आणि भिंतीच्या फटीत राहणारी, दंश न करणारी चिमुकली माशी ती कोती. यांखेरीज युरोपातून आलेली मेलीफेरा माशी व्यावसायिक मधपाळ पेट्यांमध्ये पाळतात.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खुसंघ एका ठिकाणी वर्षावास करतो, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. मधमाश्यांनाही एक सक्तीचा वर्षावास असतो. संततधार पावसात माशी उडू शकत नाही. फुले उमललेली असली तरी त्यांतील मकरंद पावसाच्या पाण्याने पातळ होतो किंवा धुऊन जातो, पराग भिजून निरुपयोगी होतो. साठवलेल्या मधावर वसाहतीला दिवस काढावे लागतात. खाणारी तोंडे कमी करण्यासाठी राणी अंडी घालणे आवरते घेते, माश्यांची संख्या घटते, आणि वसाहत दुबळी झाली की मेणकिडा पोळ्यात शिरतो. मधपाळ या काळात पेटीत साखरेचा पाक ठेवतात तो याच कारणाने. आग्या माश्यांच्या बहुतेक वसाहती तर पावसाळ्याच्या तोंडावर आपली पोळी सोडून दुसरीकडे स्थलांतर करतात.

म्हणजेच आश्विन उजाडतो तेव्हा मधमाश्यांची वसाहत वर्षातील सर्वांत क्षीण अवस्थेत असते. तिला त्या वेळी दोन गोष्टी तातडीने हव्या असतात: मकरंद आणि पराग. या दोहोंचे कार्य वेगळे आहे, आणि तो फरक समजून घेतल्याखेरीज पुढचे आकलन होणार नाही.

मकरंद, पराग आणि सहा आठवड्यांचा हिशेब

मकरंद हे माशीचे इंधन आहे. तो म्हणजे मुख्यतः साखरेचे पाणी. पोळ्यात आणल्यावर माश्या त्यात आपल्या शरीरातील पाचक द्रव्ये मिसळतात, पंखांनी वारा घालून त्यातील पाणी उडवतात, आणि पाण्याचे प्रमाण शेकडा वीसच्या आसपास उतरले की त्या कप्प्यावर मेणाचे झाकण बसवतात. तोच मध.

पराग हे वाढीचे अन्न आहे. प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे आणि क्षार माशीला परागातून मिळतात. दाईचे काम करणाऱ्या तरुण माश्या पराग खातात आणि त्यांच्या डोक्यातील ग्रंथींतून अळ्यांसाठी अन्न स्रवते. पराग आला नाही तर मध कितीही असला तरी नवी पिढी तयार होत नाही. शिवाय सर्व पराग सारखे पोषक नसतात. मका, ज्वारी, बाजरी या गवतवर्गीय पिकांचा पराग माश्या गोळा करतात खऱ्या, पण तो पोषणाच्या दृष्टीने दुय्यम असतो. माणसाला नुसत्या भातावर जसे धडधाकट राहता येत नाही, तसेच माशीलाही एकाच पिकाच्या परागावर राहता येत नाही. तिला विविधता लागते.

आता हिशेब पाहू. राणीने घातलेल्या अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. बाहेर पडल्यावर ती लगेच फुलांवर जात नाही. कप्पे साफ करणे, अळ्यांना भरवणे, मेण स्रवून पोळे बांधणे, दारावर पहारा देणे अशी घरातील कामे करण्यात तिचे आणखी दोन-तीन आठवडे जातात. त्यानंतर ती चाऱ्यासाठी बाहेर पडते. म्हणजे आज फुललेल्या फुलाचा पराग ज्या अळीच्या पोटात जातो, ती अळी पाच-सहा आठवड्यांनी शेतात काम करू लागते.

या साध्या हिशेबातून शेतकऱ्याला एक मोठी गोष्ट उमगते. कार्तिक-मार्गशीर्षात तुरीवर, पौष-माघात धने, मोहरी आणि करडईवर, त्यानंतर बियाण्याच्या कांद्यावर ज्या माश्या हव्यात, त्या त्या पिकाच्या फुलांनी निर्माण होत नाहीत. पीक फुलेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. त्या माश्या घडतात त्याआधी महिना-दीड महिना फुललेल्या रानफुलांवर. बांधावरचे कुर्डू आणि डोंगरावरची सोनकी ही अशा रीतीने पुढच्या पिकाची मजूर तयार करणारी शाळा आहे.

डोंगरावरचा फुलोरा

सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर आणि पठारांवर श्रावण सरताना सोनकीची पिवळी फुले दिसू लागतात. तेरडा जांभळा-गुलाबी होतो. पावसाची उघडीप मिळाली की या फुलांवर माश्यांची वर्दळ सुरू होते. अनेक आठवड्यांनंतर वसाहतीला मिळालेला तो पहिला ताजा घास असतो.

या काळातील सर्वांत नवलाची वनस्पती कारवी होय. आपल्या वडीलधाऱ्यांना ती कुडाच्या भिंतींसाठी माहीत आहे. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर शेणमातीचा गिलावा करून घाटातली घरे उभी राहिली. ही वनस्पती सात-आठ वर्षे नुसती वाढत राहते, आणि मग एका वर्षी भाद्रपद-आश्विनात डोंगरच्या डोंगर एकदम जांभळे-निळे होतात. फुलून बी धरले की ते झुडूप मरते. वाळलेली फळे पुढल्या पावसाच्या ओलाव्याने तडकून बी दूरवर उडते आणि नवी पिढी रुजते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवीचा सामूहिक बहर २००८, २०१६ आणि २०२४ साली आला. हाच क्रम राहिला, तर तेथील पुढचा बहर २०३२ साली येईल. आज वसतिगृहात नव्याने दाखल झालेले मूल तोवर शाळा सोडण्याच्या वयाला आलेले असेल. कारवी फुलते त्या वर्षी मधपाळांना भरघोस मध मिळतो; परंतु इतक्या वर्षांनी एकदा येणाऱ्या मेजवानीवर कोणाचे पोट चालत नाही. मधल्या वर्षांत वसाहती टिकतात त्या दरवर्षी येणाऱ्या साध्या फुलांवर.

मधपाळीच्या बाबतीत आपल्या राज्यात महाबळेश्वरचा परिसर जुन्या काळापासून नावाजलेला आहे. खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तेथेच आहे. त्याच तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून घोषित झाले. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था कार्यरत असून तेथे मधपाळीचे प्रशिक्षण मिळते. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना हा जोडधंदा करावयाचा आहे त्यांनी पेट्या विकत घेण्याआधी असे प्रशिक्षण अवश्य घ्यावे, आणि त्याहूनही आधी आपल्या शिवारात कोणत्या महिन्यात काय फुलते याची नोंद करावी. पेटी विकत मिळते. शिवारातील फुलोरा विकत मिळत नाही.

शेतातला फुलोरा

शेतातील पिकांपैकी या हंगामाचे मानाचे स्थान कारळ्याला द्यावे लागेल. कोठे त्याला खुरासणी म्हणतात. नाशिक, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांच्या डोंगरी पट्ट्यांत हलक्या, उताराच्या जमिनीत हे तेलबियांचे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतले जाते. कारळ्याची चटणी आपल्या वसतिगृहाच्या ताटात मुलांना आवडते. तिच्या मागे मधमाशी उभी आहे हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. कारळ्याचे झाड स्वतःच्या परागाने जवळजवळ बी धरतच नाही. एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर गेला पाहिजे, आणि ते काम प्रामुख्याने मधमाश्या करतात. आश्विनात कारळ्याचे पिवळे रान सकाळच्या उन्हात नुसते गुणगुणत असते. माश्यांना पराग व मकरंद दोन्ही मिळतात आणि शेतकऱ्याला भरलेले दाणे मिळतात. दोघांचाही असा लाभ करून देणारी पिके फार थोडी आहेत. दुर्दैवाने कारळ्याखालील क्षेत्र गेल्या काही दशकांत देशभर घटत गेले आहे.

दुसरे पीक तूर. वाणाप्रमाणे आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत ती फुलत राहते. तूर स्वपरागानेही शेंगा धरते, परंतु मधमाश्या आणि लाकूड पोखरून राहणारे काळे भुंगे तिच्या फुलांवर सतत येतात व परपरागीकरणही घडवतात. सोयाबीन किंवा कापसात तुरीच्या ओळी घेण्याची जी पद्धत मराठवाड्यात आणि विदर्भात आहे, ती मधमाश्यांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. कारण सोयाबीन निघून रान मोकळे झाल्यावर त्या ओळीच तेवढ्या उभ्या असतात.

कापसाच्या फुलातही मकरंद असतो, आणि त्याच्या पानांच्या खालच्या बाजूसही मकरंदाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यामुळे माश्या कापसावर जातातच. मात्र याच पिकावर कीटकनाशकांचा मारा अधिक होतो, म्हणून कापूसपट्ट्यातील वसाहतींना हे अन्न पुष्कळदा प्राणघातक ठरते.

रब्बीच्या तोंडावर आणि रब्बीत धने, बडीशेप, ओवा, मोहरी, जवस, करडई, सूर्यफूल यांची फुले येतात. कोथिंबीर विकून झाल्यावर उरलेला वाफा बियांसाठी ठेवला, तर त्याच्या पांढऱ्या फुलांवर दिवसभर माश्या दिसतात. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याच्या बाबतीत तर माशीवाचून गत्यंतर नाही. कांद्याच्या फुलातील पराग आधी बाहेर पडतो आणि त्याच फुलाचा स्त्री-भाग नंतर पक्व होतो. म्हणून दुसऱ्या फुलावरून पराग आणून देणारे कोणी तरी लागतेच. काकडी, दोडका, भोपळा, कलिंगड या वेलींवर नर-फुले व मादी-फुले वेगवेगळी असतात. तेथेही हाच न्याय.

बांध, पडीक आणि कुंपण

आता ज्या फुलांना कोणी किंमत देत नाही त्यांच्याकडे वळू. लेखाचा खरा विषय तोच आहे.

बांधावर आणि पडीक जमिनीत भाद्रपदापासून पुढे कुर्डूचे रुपेरी-गुलाबी तुरे उभे राहतात. आपण त्याची कोवळी पाने भाजीसाठी खुडतो आणि नंतर ते तण म्हणून उपटतो. तुंबा, म्हणजेच द्रोणपुष्पी, हिच्या गोल गुच्छांतून पांढरी ओठांसारखी फुले डोकावतात. फूल छोटे, पण मकरंदाला खात्रीचे. रानतुळशीचे तुरे दिवाळीच्या सुमारास भरात असतात. दीपमाळेचे नारिंगी मजले एकावर एक चढत जातात. दगडी पाला किंवा एकदांडी ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. परंतु ती बारमाही फुलत असल्याने रस्त्याच्या कडेची ही चिमुकली फुले दुष्काळातील शिदोरीसारखी उपयोगी पडतात.

झुडपांमध्ये निर्गुडी पहिली. तिचे निळसर तुरे पावसाळ्यापासून थंडीपर्यंत येत राहतात, गुरे-शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत आणि फांदी खोचली तरी ती जगते. अडुळसा थंडीत फुलतो आणि त्यालाही शेळी खात नाही. या दोन झुडपांचे कुंपण म्हणजे औषधी कुंपण आणि मधमाश्यांचे कोठार एकाच वेळी.

झाडांमध्ये बोर आणि बाभूळ. बोरीला भाद्रपद-आश्विनात हिरवट-पिवळी, चांदणीसारखी बारीक फुले येतात. ती कोणाच्या लक्षात येत नाहीत, पण झाडाखाली उभे राहिले तर माश्या, गांधीलमाश्या व इतर कीटकांचा अखंड आवाज ऐकू येतो. फुलातील मकरंद उथळ, उघड्या तबकडीत असल्यामुळे आखूड जिभेच्या कीटकांनाही तो मिळतो. बाभळीचे पिवळे गोंडे पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत येतात. त्यांतून मुख्यतः पराग मिळतो. शेवगा थंडी सरता सरता फुलतो आणि आश्विनातला फुलोरा वसंताशी जोडून देतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जे जे फुलते ते ते राखावे, असे आमचे म्हणणे नाही. रानमोडी आणि घाणेरी यांनाही फुले येतात व त्यांवर माश्याही जातात. परंतु या परक्या झुडपांनी डोंगरउतारांवरील देशी वनस्पतींची जागा बळकावली आहे. गाजरगवत तर माणसांना आणि गुरांनाही त्रासदायक आहे. अशी झाडे काढून टाकणेच इष्ट. मात्र काढलेल्या जागी निर्गुडी, तुळस, अडुळसा लावावा. जागा उघडी ठेवू नये.

झेंडूविषयीही दोन शब्द. दसरा-दिवाळीला झेंडूची शेते डोळ्यांत भरतात आणि माश्यांची चंगळ होत असावी असे वाटते. परंतु हारांसाठी निवडलेल्या गच्च, दुहेरी पाकळ्यांच्या वाणांत पराग-मकरंद देणारा मधला भाग पाकळ्यांनी झाकला गेलेला किंवा जवळजवळ नाहीसा झालेला असतो. एकेरी पाकळ्यांचा गावठी झेंडू माशीला अधिक उपयोगी. फूल माणसाला जितके भरगच्च दिसते तितके ते माशीला रिकामे असू शकते.

फुलोरा कोठे गेला

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कोरडवाहू खरिपात ज्वारी, बाजरी, तीळ, कारळा, मूग, मटकी, तूर असा मिश्र पेरा असे. प्रत्येकाची फुलण्याची वेळ वेगळी. आज फार मोठ्या क्षेत्रावर सोयाबीन आहे. त्याची फुले श्रावणात येतात, ती लहान, पानाआड दडलेली आणि बहुतांशी स्वपरागित असतात. दसऱ्यापर्यंत पीक काढले जाते. म्हणजे माशीला सर्वाधिक गरज असते नेमक्या त्या वेळी शेकडो एकर रान मोकळे होते. उसाच्या पट्ट्यात वर्षभर हिरवे दिसते, पण उसाच्या तुऱ्यात माशीसाठी मकरंद नसतो.

हिवाळ्यात गुऱ्हाळे सुरू झाली की काहिलीभोवती आणि रसाच्या भांड्यांवर माश्यांची गर्दी झालेली पुष्कळांनी पाहिली असेल. शेकडो माश्या उकळत्या रसात पडून मरतात. माश्यांना गुळाचा मोह पडला, असे आपण म्हणतो. वास्तविक ते भुकेचे लक्षण आहे. शिवारात फुले असती तर माशी काहिलीवर आली नसती.

यात भर पडली तणनाशकाची. पूर्वी बांध विळ्याने कापला जाई. गुरांसाठी लागेल तेवढेच गवत काढले जाई आणि बाकी फुलून बी धरत असे. आज पाठीवरचा पंप घेऊन अर्ध्या तासात बांध पिवळा पडतो. मजुरी परवडत नाही ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे, तिची आम्हाला जाणीव आहे. परंतु पिकातील तण आणि बांधावरील तण यांत भेद केला पाहिजे. पिकातले तण अन्न खाते. बांधावरचे तण पिकाला माश्या पुरवते आणि माती धरून ठेवते.

उपाशी सातेरीचा स्वभावही लक्षात ठेवावा. चारा संपला की ती पोळे सोडून सर्वच्या सर्व निघून जाते. रिकामी झालेली पेटी पाहून नवखा मधपाळ नशिबाला बोल लावतो. कारण बहुधा शिवारात असते.

आपल्या हातातील गोष्टी

सातेरी माशी चाऱ्यासाठी साधारणपणे एक ते दीड किलोमीटरच्या आत फिरते. एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ हेक्टर, म्हणजे पावणेआठशे एकर भरते. एवढे एकट्याच्या मालकीचे कोणाचेच नसते. त्यात दहा-वीस शेतकऱ्यांची रानें, गायरान, रस्त्याच्या कडा, ओढा, शाळा, विहार आणि स्मशानभूमीसुद्धा येते. म्हणून मधमाशी हा एका घराचा प्रश्न नसून गावाचा प्रश्न आहे. पण त्याची सुरुवात एका बांधापासून होऊ शकते.

पालकांना आमचे पहिले सांगणे हेच की, बांध एकदम सगळा कापू नका. एका बाजूचा आश्विनात कापला तर दुसऱ्या बाजूचा फुले सरेपर्यंत, मार्गशीर्षापर्यंत राहू द्या. दुसरे, शेताच्या कडेने कारळ्याच्या चार ओळी आणि सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घ्या. चटणीपुरता कारळा आणि घरापुरती डाळ त्यातून सुटेल. तिसरे, फुलोऱ्यात असलेल्या पिकावर शक्यतो फवारणी करू नका. करणे भागच पडले तर सूर्य मावळतीला गेल्यावर, माश्या परतल्यावर करा, आणि शेजारी पेट्या असतील तर मधपाळाला आदल्या दिवशी सांगा. चौथे, बोर, बाभूळ आणि शेवगा यांपैकी निदान एक झाड प्रत्येक विहिरीवर असू द्या. परतीच्या पावसाने एखाद्या वर्षी कारळ्याचा बहर धुऊन नेला, तरी बोर, तूर आणि रानतुळस यांपैकी काही ना काही शिल्लक राहते. फुलांची विविधता हा माश्यांचा विमा आहे.

शहरात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनाही यात वाटा उचलता येतो. सज्जातील दोन कुंड्यांत तुळस व सब्जा लावून मंजिरी लगेच न खुडता फुलू दिल्या, तर फुलोरी आणि कोती माश्या तिसऱ्या मजल्यावरही येतात. सोसायटीच्या आवारात शोभेच्या विदेशी झुडपांऐवजी निर्गुडी आणि अडुळशाचा आग्रह धरता येतो.

एक सावधगिरीची सूचनाही करावीशी वाटते. पावसाळ्यानंतर आग्या माश्या परत येतात आणि इमारतींच्या छज्जांवर, पुलांखाली, तसेच आपण सहलीला व वंदनेला जातो त्या लेण्यांच्या कड्यांवर पोळी लावतात. त्यांना डिवचणे जिवावर बेतू शकते. अशा ठिकाणी दगड मारू नये, धूर करू नये, गोंगाट करू नये, उग्र अत्तरे लावून जाऊ नये. शाळेच्या किंवा घराच्या इमारतीवर पोळे बसल्यास ते रात्री जाळण्याची क्रूर पद्धत कटाक्षाने टाळावी. जेथे खरोखर धोका असेल तेथे प्रशिक्षित माणसाला बोलवावे, एरवी थोडे अंतर राखून त्यांना नांदू द्यावे.

घेणे आणि देणे

भिक्खूंना औषध म्हणून ज्या पाच गोष्टींची अनुमती विनयात आहे, त्यांत तूप, लोणी, तेल आणि काकवी यांच्या जोडीला मधही आहे. धम्मपदाच्या पुप्फवग्गात तर गावात भिक्षेसाठी फिरणाऱ्या मुनीला भ्रमराची उपमा दिलेली आहे. फुलाला इजा न करता आपल्यापुरते घेऊन निघून जाणे हा त्या उपमेचा गाभा. आजचे वनस्पतिशास्त्र त्यात एवढीच भर घालते की, माशी फुलाला केवळ इजा करत नाही असे नव्हे, तर ती जाताना त्याला बी देऊन जाते. तिचे घेणे हेच तिचे देणे असते.

आपल्या घेण्याविषयी असे म्हणता येईल काय, हा प्रश्न आपण प्रत्येकाने स्वतःला विचारावा. पोळे पिळून अळ्यांसकट मध काढणारा माणूस वसाहत संपवतो. मधयंत्राने फक्त वरच्या मजल्यातील मध काढून खालचा साठा पावसाळ्यासाठी राखणारा मधपाळ पुढच्या वर्षीही मध घेतो. बांधाचेही तसेच. सगळा बांध घेणाऱ्याला गवताचे चार भारे मिळतात. अर्धा बांध सोडणाऱ्याला पुढची तूर, कांद्याचे बी आणि वेलींवरची फळे यांत त्याची परतफेड मिळत राहते.

म्हणून सर्व पालकांना, माजी विद्यार्थ्यांना आणि हितचिंतकांना आमची नम्र विनंती आहे. यंदा वर्षावास संपेल तेव्हा, आश्विन पौर्णिमेच्या सुमारास, आपापल्या शिवारातून एक फेरी मारावी. बांधावर काय फुलले आहे आणि त्यावर कोणत्या माश्या येत आहेत हे पाहावे, घरातील मुलाला ते दाखवावे, त्याच्याकडून एका वहीत नोंदवून घ्यावे. मूल सुट्टीहून परतताना ती वही शाळेत आणील, तर आम्ही तिचे स्वागत करू आणि विज्ञानाच्या तासाला तिचे वाचन करू. दहा गावांच्या अशा वह्या जमल्या, तर कोणत्या गावात कोणत्या महिन्यात माशी उपाशी राहते हे मुलांना स्वतःच शोधून काढता येईल, आणि त्या महिन्यात फुलणारे रोप कोणते लावावे हेही त्यांनाच ठरवता येईल. रोपे तयार करण्याचे काम आम्ही आणि मुले आनंदाने करू. ती लावण्यासाठी बांध मात्र आपण द्यावयाचा आहे.